रिकामा खण

गुरुवारी दुपारी बाराला दहा कमी असताना दक्षतानं केदार ओगलेच्या कोडच्या अकरा हजार चारशे ओळी पुसल्या, आणि ऑफिसातल्या झाडून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आता टाळ्या वाजवायला कुणाचं काय जातं म्हणा! भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर डावीकडे लाल रंगात त्याच्या ओळी सरसर वर सरकत होत्या, उजवीकडे हिरव्या रंगात तिच्या होत्या, चारशे बारा फक्त. त्यांचा साहेब गुरुदत्त खुर्चीतून अर्धवट उठून विचारत होता, "अगं, एवढंच? मग बाकीचं कुठे गेलं?" "बाकीचं लागतच नाही सर," दक्षता म्हणाली आणि केदारकडे बघून हसली. वाईट नाही हसली. तेच तर. खवचटपणे हसली असती तर केदारला निदान राग धरायला जागा मिळाली असती. त्यानंही टाळ्या वाजवल्या, चार की पाच. मग हात टेबलाखाली घेतले. शेजारचा रत्नदीप कानाशी येऊन म्हणाला, "केदारभाऊ, नऊ वर्षांचा कचरा साफ केला ना पोरीनं!" आणि आपण काय बोललो हे लक्षात येऊन जीभ चावली, पण चावून काय उपयोग, शब्द बाहेर पडलेला. केदार म्हणाला, "बरं झालं की, माझीच कटकट गेली." लागतच नाही. ऐकायला किती साधं वाक्य.

काम तसं सांगायला सोपं होतं. खोपटच्या एसटी डेपोसमोर, तिसऱ्या मजल्यावर त्यांचं ऑफिस. ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या लहानलहान दवाखान्यांतून पेशंटची माहिती त्यांच्याकडे यायची आणि एका दवाखान्यातलं कार्ड दुसऱ्या दवाखान्यात उघडायचं. माहिती यायची ती जेसनमध्ये. म्हणजे नाव, पुढे दोन टिंबं, आणि त्यापुढे ज्याला जे सुचेल ते. वयाच्या जागी कुणी ६२ लिही, कुणी 'साठच्या पुढे' लिही, कल्याणच्या एका कंपाउंडरनं तर 'मुलाला विचारा' असं लिहिलेलं. हा सगळा सैल कारभार कोडमधल्या कडक खणांत बसवायचा. आकड्याच्या खणात आकडाच, तारखेच्या खणात तारीखच, हो-नाहीच्या खणात हो किंवा नाही. हे खण केदारनं नऊ वर्षं हातानं बांधले होते. एकेका दवाखान्याचा वेगळा क्लास, म्हणजे कोडचा वेगळा साचा, एकेका कंपाउंडरच्या खोडीचा वेगळा बंदोबस्त. कुठलं कार्ड अडलं की गुरुदत्त मान वर न करता हाक मारायचा, "केदार, बघ रे जरा," आणि केदार उठून जायचा, तेव्हा तो थोडा मुद्दामच सावकाश चालायचा. ते चालणं त्याला आवडायचं. आपल्या ओळी कुणाला कळू नयेत म्हणून त्यानं काही केलं नव्हतं. कळाव्यात म्हणूनही काही केलं नव्हतं. कुठली ओळ का आहे, याचा खुलासा त्यानं एकाही ठिकाणी लिहिला नव्हता. विचारायला माझ्याकडेच येतील की, असा तो हिशेब होता.

आणि ही यायची. चेंदणी कोळीवाड्यातली ही मुलगी, चोवीसही पूर्ण नसतील, सात महिन्यांपूर्वी नोकरीला लागली आणि पहिल्या दिवसापासून आपली खुर्ची खर्रकन ओढत केदारच्या टेबलाशी आणून बसायची. "सर, हे असं का?" "सर, हे इथे पण तिथे का नाही?" घरून फोन आला की तिची बोली बदलायची, झटकन, कोळीवाड्याच्या वळणावर जायची, आणि फोन ठेवला की पुन्हा, "हां सर, तर हे असं का?" केदार वैतागल्यासारखं करायचा. पण खुर्चीचा तो आवाज ऐकल्याशिवाय त्याची सकाळ सुरू व्हायची नाही, हेही खरंच होतं. सात महिने त्यानं तिला एकेक खण दाखवला. आणि पोरीनं काय केलं, तर सगळ्या दवाखान्यांचे नमुने वाचून आपोआप खण पाडणारी एक गोष्ट बनवली. नवा दवाखाना आला तरी हात लावायला नको. शिकवायचं आपण आणि टाळ्या कुणाला! दुपारी डबा उघडून त्यानं तो परत लावून ठेवला. दुसऱ्याचं बरं बघवत नाही म्हणतात तो माणूस आपण नव्हे, असं तो घासाऐवजी मनात घोळवत बसला.

जेवणानंतर तो तिचा कोड तपासायला बसला. तपासायला म्हणायचं, खरं तर तो चूक शोधायला बसला होता, दातात अडकलेला बडीशेपेचा दाणा शोधावा तसा, दुसरं काही न सुचता. तीन वाजले, साडेतीन वाजले. कोड सुंदर होता. हे त्याला कबूल करावं लागलं आणि प्रत्येक वेळी कबूल करताना आणखी थोडं दुखलं. आणि चार वाजून दहा मिनिटांनी सापडली. हो-नाहीचा खण. माहिती आलीच नसेल तर तिचा कोड त्या खणात 'नाही' टाकत होता. कोणीही तसंच केलं असतं. हो-नाहीचा खण रिकामा ठेवता येत नाही, काहीतरी टाकावंच लागतं. पण त्या खणावरची चिठ्ठी होती, 'औषधाची ॲलर्जी'. कुणी विचारलंच नसेल, कुणी भरलंच नसेल, तरी कार्डावर उमटणार: ॲलर्जी नाही. स्वच्छ, हिरव्या अक्षरांत. आणि डॉक्टर सुई टोचणार. केदारच्या जुन्या ओळींत यासाठी तिसरा खण होता, 'ठाऊक नाही'. तो त्यानं हौसेनं पाडला नव्हता. नऊ वर्षांपूर्वी पहिल्याच वर्षी त्यानं नेमकी हीच चूक केलेली. कल्याणच्या एका दवाखान्यात गोदाबाई नावाच्या बाईला इंजेक्शन दिलं आणि तिचा चेहरा, गळा सुजून श्वास कोंडला. डॉक्टर हुशार, बाई वाचली. केदार तिला बघायला गेला होता, कोण कुठला ते न सांगता, शहाळं घेऊन. तिचे डोळे मिटल्यासारखे झाले होते आणि ओठ कुणा दुसऱ्याचे आणून लावल्यासारखे दिसत होते. तिनं विचारलेलं, "तुम्ही कुणाकडचे?" तो म्हणाला होता, "इथलाच." त्या भेटीनंतर त्यानं तिसरा खण पाडला, आणि का पाडला ते आजवर कुणालाच सांगितलं नाही. दक्षताला तरी कसं कळणार? तिला त्या ओळी फालतू वाटल्या. तिनं काढल्या.

त्यानं तिच्या कोडवर कमेंट लिहिली. मुद्देसूद, सात वाक्यांची, एकही शब्द जास्त नाही. आणि पाठवायच्या बटणावर बोट गेलं तेव्हा भिंतीपलीकडून गुरुदत्तचा आवाज आला, फोनवर कुणाला तरी सांगत होता, "अरे, जिनियस आहे पोरगी. पंधरा दिवसांत! आमच्याकडे नऊ वर्षं…" पुढचं ऐकू आलं नाही. ऐकायची गरजही नव्हती. केदारनं कमेंट ड्राफ्टमध्ये ठेवली. सोमवारी सकाळी अकराला नवा कोड लाइव्ह जाणार होता, त्याआधी साडेदहाला मीटिंग. सगळे असतील. तेव्हा बोलू. सगळ्यांसमोर, शांतपणे, आवाज न चढवता. "दक्षता, एक छोटीशी शंका आहे." मनात मांडे खायला काय लागतं! संध्याकाळी माणकोलीच्या पुलावरून स्कूटरनं कोपरला परतताना त्यानं ते वाक्य हेल्मेटमध्ये चार-पाच प्रकारे म्हणून पाहिलं. खाली खाडीत भरती होती. 'छोटीशी' हा शब्द ठेवावा असं त्यानं ठरवलं.

पण घरी पोचल्यावर, हातपाय धुताना, भलतंच आठवलं. त्याचे बाबा कल्याणला आरएमएसमध्ये सॉर्टर होते, रेल्वेच्या टपालखात्यात पत्रं लावणारे. खात्याच्या परीक्षेच्या तयारीसाठी त्यांनी घरी सात बाय सात खणांचं एक खोकं करून घेतलं होतं आणि गावांची नावं लिहिलेले पुठ्ठ्याचे पत्ते. मुलांचा तो खेळ झाला. केदार बाराचा, धाकटी बहीण देवयानी नऊची. बाबा घड्याळ लावून बसायचे. ती टाळूवर केसांचा बो बांधलेली चिमुरडी, चिमणीनं दाणे टिपावेत तशी पत्ते लावायची आणि बाबा, जे कधी कुणाला चांगलं म्हणत नसत, ते म्हणायचे, "वा! ही माझ्या जागेवर बसेल." एका रविवारी केदारनं मुरबाडचा पत्ता आपल्या मोज्यात घातला. देवयानीचा एक पत्ता कमी आला. ती सतरंजीखाली शोधतेय, कपाटाखाली शोधतेय. बाबा म्हणाले, "पत्र हरवणारा सॉर्टर काय कामाचा?" त्या दिवशी केदार घोट्याशी टोचणारा पुठ्ठा घेऊन जेवला, आणि आमटी भलतीच गोड लागली. देवयानी रडली नाही. तिनं एकदा त्याच्या पायाकडे बघितल्यासारखं वाटलं, नसेलही बघितलं. पुढच्या रविवारी म्हणाली, "तूच लाव दादा." नंतर तिनं त्या खोक्याला हात लावला नाही. खोकं केदारचं झालं. एकट्याला खेळायला त्यात काही मजा नव्हती.

शुक्रवारी सकाळी खुर्ची खर्रकन ओढली गेली. "सर, बघितलंत का माझं?"

"बघितलं."

"मग? काही आहे का? सर, तुम्ही काय ते बोला ना, तुम्ही नाही बोललात तर मला टेन्शन येतं. बाकीचे काय, नुसते भारी भारी करतात."

केदारनं चष्मा पुसला. आताच सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम. तिच्या हातावर, मनगटाजवळ, पेननं काहीतरी लिहिलेलं होतं, बाजारातून आणायची यादी असावी. "सोमवारी बोलू सविस्तर," तो म्हणाला. "चांगलं केलंयस."

"खरंच?" तिचा चेहरा असा उजळला की त्याला बघवेना. "तुम्ही चांगलं म्हटलंत ना, बस्स सर. मी घरी पप्पांना सांगितलेलं, केदार सर ओके म्हणेपर्यंत काही खरं नाही." आणि ती खुर्ची ओढत गेली. केदारला वाटलं, आपण खोटं कुठे बोललो? बघितलं म्हणालो, बघितलंच होतं. चांगलं म्हणालो, चांगलंच होतं. सोमवार म्हणालो, सोमवार येणारच आहे. तोवर कोड लाइव्ह नाही, म्हणजे कुणाच्या केसालाही धक्का नाही. सगळं कसं जागच्या जागी होतं. तरी तो दिवसभर कुणावर ना कुणावर खेकसत राहिला. रत्नदीपला चहा गार आणला म्हणून बोलला, आणि चहा रत्नदीपनं आणलाही नव्हता.

शनिवारी आईला दवाखान्यात न्यायचं होतं. मंदाकिनीबाईंना पंधरा दिवस खोकला होता आणि कोपर स्टेशनजवळचा हा नवा दवाखाना केदारच्याच कंपनीशी जोडलेला होता. काउंटरवरच्या मुलीनं नाव विचारलं, वय विचारलं, फोन नंबर विचारला. केदार तिच्या खांद्यावरून पडद्याकडे बघत होता. 'औषधाची ॲलर्जी' हा चौकोन आला. तिनं तो ओलांडला आणि पुढे गेली. बोटाला सवय झालेली, डोळाही लवला नाही. आई बाकावर बसत म्हणाली, "मला सल्फा चालत नाही ते हिनं विचारलंच नाही रे." केदार चटकन वाकला आणि म्हणाला, "मॅडम, सल्फाची ॲलर्जी आहे, ते टाका." मुलीनं टाकलं. तो आईशेजारी येऊन बसला. समोर भिंतीला टेकून कोणी म्हातारे गृहस्थ बसले होते, एका बाईच्या मांडीवर तापलेलं मूल होतं, एक कोळीण टोपली पायाशी ठेवून डुलक्या घेत होती. त्यांची नावं पुकारली जात होती, वय, फोन नंबर, आणि बोट तो चौकोन ओलांडून पुढे. आपल्या आईचं आपण भरून घेतलं. हा विचार आला आणि तिथेच बसून राहिला, डासासारखा हाकलला तरी परत तिथेच. सोमवारी, केदार स्वतःला म्हणाला. साडेदहाला. सोमवारपर्यंत काही होत नाही.

रविवारी सकाळी तो आईसमोर बसून वालाच्या डाळिंब्या सोलत होता. अकरा चाळीसला मोबाईल वाजला. ऑफिसच्या ग्रुपवर दक्षताचा मेसेज. 'आज दवाखाने बंद आहेत, आजच चढवून टाकते, म्हणजे सोमवारी सकाळी गर्दीच्या वेळी रिस्क नको. गुरुदत्त सर ओके म्हणालेत. केदार सरांनी पाहिलंय. बारा वाजता सुरू करते.' खाली रत्नदीपचे अंगठे. गुरुदत्तचा एक लाल हार्ट.

केदारनं मोबाईल उलटा ठेवला आणि पुढची डाळिंबी घेतली. आणि मग जे मनात आलं ते त्यानं आयुष्यात कुणालाही सांगितलं नसतं. चढू दे, असं आलं. चढू दे, सगळा गाजावाजा होऊ दे, आणि मग पडू दे. सोमवारी सकाळी एखादं कार्ड चुकू दे, फार नको, थोडंसंच, कुणाला पुरळ येईल एवढंच, आणि मग गुरुदत्त मान वर न करता म्हणू दे, केदार, बघ रे जरा. तो विचार पुरता करून झाला. करताना गोड लागला. मोज्यातल्या पुठ्ठ्याच्या दिवसाची आमटी त्याला जिभेवर आठवली, आणि तिच्यापाठोपाठ गोदाबाईचे ते दुसऱ्याचे ओठ. तुम्ही कुणाकडचे? बोटांत डाळिंबी तशीच राहिली. बारा वाजायला तेरा मिनिटं.

"अरे, साली कुठे टाकतोयस?" आई म्हणाली. "साली पातेल्यात आणि डाळिंब्या कचऱ्यात? बरं आहे ना तुला?"

"आलोच," म्हणून तो उठला, ओल्या हातानं लॅपटॉप उघडला, आणि गुरुवारची ती कमेंट ड्राफ्टमधून काढून पाठवून दिली. एक शब्दही बदलला नाही. बदलायला वेळ नव्हता, आणि मनातून त्याला बदलायचीही नव्हती. ती चांगली लिहिली होती. ग्रुपवर टाकलं, 'दक्षता, थांब. कमेंट बघ.' दोन मिनिटांनी तिचं उत्तर आलं. 'बापरे. थांबवलं सर. थँक्यू थँक्यू.' केदार खुर्चीत मागे रेलला. छातीवरचं ओझं उतरलं असं त्याला वाटलं. चूक तिची, वाचवलं आपण, कुणाला काही झालं नाही. उलट बरंच झालं. त्या दुपारी तो डाळिंब्यांची उसळ दोनदा मागून जेवला, आणि एक बारकी गोष्ट त्याच्या ध्यानातच आली नाही.

ती ध्यानात आली सोमवारी साडेदहाला. गुरुदत्त उत्साहात होता. "अरे, काय सांगू तुम्हाला, काल आपण कुठे जाऊन पोचलो असतो! केदारनं वाचवलं. याला म्हणतात अनुभव." आणि त्यानं कौतुकानं ती कमेंट भिंतीवरच्या पडद्यावर उघडली, सगळ्यांना दिसेल अशी मोठी करून. सात वाक्यं. वर केदारचं नाव. आणि नावाखाली, बारीक राखाडी अक्षरांत: गुरुवार, दुपारी ४.४०.

ती सेटिंग केदारनंच करून घेतली होती. दोन वर्षांपूर्वी. त्यानं दिवसभर घोकून लिहिलेली एक कमेंट तो संध्याकाळी पाठवायला गेला, तर मध्येच रत्नदीपनं तोच मुद्दा टाकून शाबासकी घेतलेली. तेव्हा केदारनं हट्टानं सांगितलेलं, कमेंट पाठवली कधी ते नको, लिहिली कधी ते दिसायला हवं. कोणाला आधी सुचलं ते जगाला कळू दे! आता ते कळत होतं, सहा फुटी पडद्यावर. गुरुदत्तचं तिकडे लक्ष नव्हतं. रत्नदीप टाळ्या वाजवत होता. सगळेच वाजवत होते, या वेळी केदारसाठी, आणि गुरुवारपासून त्याला हव्या होत्या त्या ह्याच टाळ्या. दक्षताचे हात वर आले होते आणि तिथेच थांबले होते. ती पडद्याच्या त्या कोपऱ्याकडे बघत होती. तिच्या कपाळावर एक आठी आली, हिशोब चुकतो तेव्हा येते तशी. मग ती पुसली गेली. मग तिनं टाळ्या वाजवल्या, चार की पाच, आणि हात टेबलाखाली घेतले.

मीटिंग संपल्यावर ती त्याच्या टेबलाशी आली. उभीच राहिली. "सर, एक विचारू?"

"विचार ना," केदार म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच फार गोड वाटला. 'मी नंतर परत तपासत होतो, खात्री करून मग पाठवावं म्हटलं,' हे वाक्य त्यानं जिभेवर तयार ठेवलं होतं.

तिनं त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या बुटांकडे, की जमिनीकडे. "नको. काही नाही सर." आणि गेली. तयार ठेवलेलं वाक्य त्याच्या तोंडातच राहिलं.

दुपारी तिचा दुरुस्त कोड तपासायला आला. तिसरा खण तिनं पाडला होता आणि त्याच्यापेक्षा चांगला पाडला होता, एकाच जागी, सगळ्या दवाखान्यांना एकदम लागू पडेल असा. केदारला नऊ वर्षांत हे सुचलं नव्हतं. पुन्हा हेवा वाटला. लाज वाटत असतानाही वाटला, याची त्याला दुप्पट लाज वाटली. त्या ओळीच्या वर तिनं मराठीत खुलासा लिहिला होता, पुढे कधी कुणी आलं तर त्याला कळावं म्हणून. 'माहिती आली नाही याचा अर्थ ॲलर्जी नाही असा घेऊ नये. माणसाच्या जिवाशी गाठ आहे. हे केदार सरांनी रविवारी सांगितलं.'

रविवारी. त्यानं ते तीनदा वाचलं. वाचणाऱ्या कुणालाही त्यात काही वावगं दिसलं नसतं. तिनं आपल्याला सांभाळून घेतलं, की नोंद करून ठेवली? तिला आता, या क्षणी, सगळं सांगून टाकावं असं त्याला आतून उमाळून आलं. गुरुवार सांगावा, गोदाबाई सांगावी, अगदी मुरबाडचा पत्तासुद्धा सांगावा. तेवढ्यात मागे खुर्ची खर्रकन ओढल्याचा आवाज झाला आणि तो तोंड भरून हसत वळला.

खुर्ची रत्नदीपच्या टेबलाशी जाऊन थांबली होती. "रत्नदीप," ती विचारत होती, "हे असं का रे?" आणि रत्नदीप, ज्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, डोकं खाजवत म्हणत होता, "अगं, केदारभाऊंना विचार ना."

"नको," दक्षता म्हणाली. "तूच सांग."